बैठे यंत्र आणि फिरते यंत्र : वारजे परिसराच्या संदर्भात खेळाच्या संगणकांचा विचार

संगणकाच्या इतिहासाची जी स्थूल रूपरेषा आपल्याकडे वर्गात सांगितली जाते तीत यंत्र उत्तरोत्तर लहान होत जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला व १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेला संगणक एक दालन व्यापून बसे. पुढे यंत्र मेजावर आले, मेजावरून मांडीवर आले, आणि मांडीवरून तळहातावर. कार्यालयीन व शैक्षणिक उपयोगापुरती ही रूपरेषा बहुतांशी खरी आहे. जगभरातील विक्रीत लॅपटॉपने डेस्कटॉपला प्रथम मागे टाकले ते २००८च्या तिसऱ्या तिमाहीत, आणि त्यानंतर हा क्रम उलटलेला नाही. परंतु खेळांसाठी जे संगणक घेतले जातात त्यांच्या बाबतीत ही रूपरेषा अपुरी ठरते. तेथे मेजावरचे यंत्र हटलेच नाही. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत राहिले, आणि ‘गेमिंग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप’ हा प्रश्न वीस वर्षे अनिर्णित राहिला. जो प्रश्न इतका काळ मिटत नाही त्याचे मूळ केवळ यंत्राच्या गुणावगुणांत असणे संभवत नाही. प्रस्तुत लेखात ते मूळ घर, वीज, कर आणि दुरुस्ती ह्या चार गोष्टींत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ह्यासाठी वारजे हे स्थळ घेण्यास कारण आहे. मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बंगळूर महामार्गाचे बाह्यवळण त्याला छेदून जाते, आणि त्याच वाटेने हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जाता येते. एका अंगाला कर्वेनगर, म्हणजे महर्षी कर्व्यांचे हिंगणे; दुसऱ्या अंगाला कोथरूड. कोथरूडला १९८३ साली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कर्वेनगरला १९९१ साली कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. येणेप्रमाणे एकाच टापूत तीन प्रकारचे लोक राहू लागले : मूळचे ग्रामस्थ, हप्त्यांवर सदनिका घेतलेली नोकरदार कुटुंबे, आणि वर्षाला खोली बदलणारे भाडेकरू विद्यार्थी. यंत्र एका जागी ठेवावे की बरोबर न्यावे, हा प्रश्न ह्या तिघांना सारखा पडत नाही.

खेळाचे साधन जागेवर असावे की गुंडाळून नेता यावे, हा भेद संगणकाहून पुष्कळ जुना आहे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवरच आखलेला पचिसीचा पट दाखवितात; आपल्या घरांतील सारीपाट मात्र कापडाचा, घडी करून फडताळात ठेवावयाचा. पहिला धन्याच्या वैभवाची खूण, दुसरा प्रवासाचा आणि पाहुण्यांचा सोबती. ही उपमा फार ताणण्याचे कारण नाही. कापडी पटावरील दान दगडी पटावरील दानाहून उणे पडत नसे, आणि संगणकाच्या बाबतीत नेमके तेच पडते.

घरोघरी संगणक येण्याचा काळ पुण्यात साधारणपणे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाचा उत्तरार्ध व त्यानंतरची काही वर्षे हा धरता येईल. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली होती. पुढे १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली. एचसीएल, विप्रो, झेनिथ ह्या कंपन्यांचे तयार संगणक बाजारात होतेच. पण मध्यमवर्गीय घरात बहुधा येई तो ‘असेंबल केलेला’ संगणक. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही नावे त्या काळच्या विद्यार्थ्याला पाठ असत. मदरबोर्ड एका दुकानातून, कॅबिनेट व एसएमपीएस दुसऱ्यातून, आणि जोडणारा ओळखीतला कोणी मुलगा, अशी ही खरेदी होई. २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पसरला, आणि पुष्कळांच्या बोटांना पहिला माउस तेथे लागला. धडा संपला की सॉलिटेअर उघडावयाचा, हा अलिखित अभ्यासक्रमही त्याबरोबर पसरला असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या असेंबल केलेल्या संगणकाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या स्वस्ताईत नाही, तर तो उघडता येत असे ह्यात आहे. घेताना तो अभ्यासासाठी म्हणून घेतला जाई. खेळाचे यंत्र तो पुढे हळूहळू बने. १९९६ साली थ्रीडीएफएक्सचे वूडू हे कार्ड निघाले, १९९९ साली एनव्हिडियाचे जीफोर्स २५६. त्यानंतर चित्रांकनाचे काम मुख्य प्रोसेसरकडून काढून वेगळ्या कार्डाकडे देण्याची पद्धत स्थिरावली. दिवाळीच्या किंवा बक्षिसाच्या पैशांतून असे कार्ड आणून मोकळ्या खाचेत बसविले की कालचा अभ्यासाचा संगणक आज खेळाचा होई, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेरून काहीच फरक दिसत नसे. पुढच्या वर्षी रॅम, त्याच्या पुढच्या वर्षी एसएमपीएस. खर्च असा तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे तो मासिक उत्पन्नाच्या घराला झेपे.

ह्या यंत्राची घरातील जागाही लक्षात घेण्याजोगी आहे. किबोर्डाचा सरकता फळा असलेले ते लॅमिनेटचे टेबल बहुधा पुढच्या खोलीत असे, कारण टेलिफोनची तार तेथवरच येई. खेळणारा सर्वांच्या देखत खेळे. भावंडांच्या पाळ्या लागत. दहावीच्या वर्षी मॉनिटरवर प्लॅस्टिकचे आवरण चढे ते परीक्षा संपेतो उतरत नसे. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते सायबर कॅफेत जात. काउंटर-स्ट्राइकसारखा खेळ, जो २००० साली स्वतंत्रपणे विक्रीस आला, एका खोलीतील आठदहा यंत्रे तारांनी जोडूनच खरा रंगे. ह्या खोल्या मुख्यतः मुलग्यांच्या होत्या. संध्याकाळी उशिरापर्यंत तेथे बसण्याची मुभा मुलींना क्वचितच मिळे; वसतिगृहाच्या वेळा त्यांना आडव्या येत. संगणक खेळांच्या आपल्याकडील इतिहासात मुलींची नावे उशिरा दिसू लागतात त्याचे कारण आवडीनिवडीत शोधण्यापूर्वी दाराच्या कुलपात शोधावे, असे मला वाटते. स्वतःचे, खोलीत ठेवता येणारे यंत्र ह्या दृष्टीने केवळ सोयीचे साधन नव्हते. लॅपटॉपच्या बाजूने जे काही बोलले जाते त्यात हा मुद्दा सहसा येत नाही, आणि तो पहिल्या ओळीत यावयास हवा.

विजेचा प्रश्न ह्याच काळात तीव्र झाला. २००५च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन नित्याचे झाले होते. २००६च्या जूनपासून पुण्यात एक वेगळी व्यवस्था अमलात आली : उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून शहराची तूट भरून काढावयाची आणि त्याचा वाढीव खर्च ग्राहकांनी सोसावयाचा. वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने झालेला हा प्रयोग ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला गेला. तो प्रयोग गरजेचा वाटला ह्यावरूनच पूर्वस्थिती कळून यावी. वीज जाताच डेस्कटॉप तत्क्षणी बंद पडतो. यूपीएस जोडलेला असला तर काही मिनिटांची सवलत मिळते, तीही काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती. ज्या खेळात अर्ध्या तासाची मजल वाया जाते तेथे ह्या मिनिटांचे मोल काय, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असल्यामुळे तो अशा घरात प्रथमदर्शनीच श्रेष्ठ ठरला.

परंतु येथे एका भ्रमाचा निरास केला पाहिजे. खेळासाठी बनविलेला लॅपटॉप बॅटरीवर खऱ्या अर्थाने खेळत नाही. विमानप्रवासाच्या नियमांप्रमाणे १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीवाचून बरोबर नेता येते, म्हणून उत्पादक मोठ्यात मोठी बॅटरी ९९ वॅट-तासांच्या आसपास ठेवतात. ग्राफिक्सची चिप १५० वॅट आणि प्रोसेसर ५० वॅट घेऊ लागला तर ही बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होईल. ते टाळण्यासाठी तार काढताच यंत्र आपली शक्ती आपणच आखडते. म्हणजे वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो हे खरे, खेळ मात्र पूर्वीसारखा राहत नाही. फिरते म्हणविणारे हे यंत्र ऐन कामाच्या वेळी भिंतीला बांधलेलेच असते, आणि त्याची तार जिला जोडलेली असते ती वीटभर आकाराची पेटी दप्तरात निराळी न्यावी लागते.

खेळासाठी खास लॅपटॉप करण्याचा प्रघात ह्या शतकाच्या आरंभीचा. १९९६ साली स्थापन झालेल्या एलियनवेअरने २००२ साली असे यंत्र काढले. डेल कंपनीने २००६ साली ती कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी आसूसने आपली आरओजी ही मालिका सुरू केली. आरंभीची ही यंत्रे जाड आणि वजनदार होती. मांडीवर ठेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. २०१७ साली एनव्हिडियाने ‘मॅक्स-क्यू’ नावाने कमी विजेत चालणाऱ्या चिपांची योजना आणली, तेव्हा ती पातळ झाली.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या ठिकाणी नामचिकित्सा अवश्य करावी. २०१६ पर्यंत लॅपटॉपमधील एनव्हिडियाच्या चिपेच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर लागे, त्यामुळे ती मेजावरच्या कार्डाहून वेगळी व दुबळी आहे हे नावातच उघड होते. त्या वर्षी ते अक्षर गळले. त्या पिढीपुरते ते समर्थनीयही होते, कारण दोन्हींतील अंतर खरोखरच कमी झाले होते. पण अंतर पुन्हा वाढले तरी अक्षर परतले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालेले आरटीएक्स ४०९० हे डेस्कटॉपचे कार्ड १६,३८४ गणनकेंद्रांचे, २४ जीबी स्मृतीचे व ४५० वॅट घेणारे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्याच अंकाने लॅपटॉपमध्ये आलेल्या चिपेत ९,७२८ गणनकेंद्रे व १६ जीबी स्मृती आहे, आणि तिची वीज उत्पादकाच्या मर्जीप्रमाणे ८० ते १५० वॅट. गणनकेंद्रांची व स्मृतीची ही संख्या डेस्कटॉपच्या ४०८० ह्या धाकट्या कार्डाची. एकाच नावाचे दोन राजे ताम्रपटात आले तर आपण वंश व राज्यवर्षे ताडून पाहतो. येथे वॅट पाहावेत. उद्या कोणी जुन्या जाहिरातींवरून किंवा बिलांवरून घरांतील यंत्रांचा इतिहास लिहू म्हणेल तर निव्वळ नावावर विसंबून त्याची फसगत होईल. लॅपटॉपांच्या बाबतीत तर एकाच नावाची चिप दोन यंत्रांत दोन वेगांनी चालते.

हा फरक कोणाच्या कंजुषीमुळे पडत नाही; तो उष्णतेचा आहे. यंत्र जितकी वीज घेते तितकी उष्णता शेवटी त्यातून बाहेर पडावीच लागते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोठे पंखे, धातूची रुंद पाती आणि भरपूर हवा. लॅपटॉपमध्ये दोन बोटे जाडीची पोकळी. चिप सुमारे ९५ अंशांपर्यंत तापू दिली जाते असे धरले आणि खोलीत २४ अंश असतील, तर उष्णता वाहून नेण्यास ७१ अंशांचा उतार मिळतो. पुण्याच्या चैत्र-वैशाखात पंख्याच्या खोलीत ३६ अंश झाले की हा उतार ५९ वर येतो, म्हणजे सहावा हिस्सा घटतो. मेजावरचे यंत्र आपल्या शिलकीतून ही घट भरून काढते; ज्याची शिल्लक मुळातच नसते ते मंदावते. थंड देशांतील कसोट्यांवरून ठरविलेले दोहोंचे अंतर आपल्या उन्हाळ्यात म्हणूनच वाढते. सतत बांधकामे चालू असलेल्या उपनगरातील धुळीचा विचार ह्यात धरलेला नाही.

कराच्या धोरणानेही तराजू कधी इकडे तर कधी तिकडे झुकविला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा लॅपटॉपावर १८ टक्के, परंतु २० इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के आकारणी ठरली. लॅपटॉपाचा पडदा त्याच्या अंगचाच असल्याने हा भार डेस्कटॉप जुळविणाऱ्यावर पडला. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ टक्क्यांत आले. ह्याउलट ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने ज्यांच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले त्यांत लॅपटॉप, टॅबलेट व एकसंध संगणक होते. सुटे भाग जोडून बनविलेला नेहमीचा डेस्कटॉप त्या यादीत नव्हता. बंधन पुढे सौम्य होऊन १ नोव्हेंबर २०२३ पासून आयात-नोंदणीच्या रूपात उरले. आभासी चलनाच्या उत्खननाने केलेली उलथापालथ ह्याहून मोठी होती. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० ते २०२२ ह्या काळात ग्राफिक्स कार्डे बाजारातून नाहीशी झाली, आणि जी होती ती छापील किमतीच्या कितीतरी वर विकली गेली. त्या दिवसांत कार्ड हवे असेल तर सबंध लॅपटॉप घेणे परवडे, असा विपरीत हिशेब अनेकांनी मांडला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलून उत्खनन थांबविले, आणि वापरलेल्या कार्डांची रास जुन्या मालाच्या बाजारात येऊन पडली.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा बैठे आणि फिरते ह्यांतील भेद एकाएकी व्यावहारिक झाला. खोल्या सोडून आपापल्या गावी जावयाचे, तेही मिळेल त्या वाहनाने. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप मावे, कॅबिनेट व मॉनिटर मावत नसे. पुढे वर्गही संगणकावरच भरू लागले. भाडेकरू विद्यार्थ्याने गेमिंग लॅपटॉप निवडावा ह्याचे समर्थन त्यानंतर कोणास वेगळे करावे लागले नाही : एकाच यंत्रावर प्रोग्रामिंगचे प्रात्यक्षिक, आराखड्यांचे काम आणि रात्रीचा खेळ. डेस्कटॉप कधी हलतच नाही असे मात्र नव्हे. स्वीडनमधील मालुंग येथे १९९४ साली सुरू झालेल्या ड्रीमहॅक मेळाव्याची सारी कीर्तीच आपापला संगणक उचलून आणणाऱ्यांवर उभी आहे. तो मेळावा डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतही भरला होता.

माझ्या मते ह्या सर्व तुलनेचा गाभा दुरुस्तीत आहे. डेस्कटॉपचे कार्ड जळले तर कार्ड बदलते. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मुख्य फलकावर डाक देऊन बसविलेली असते. ती गेली की फलकच गेला, आणि हमीची मुदत संपली असेल तर बहुधा यंत्रही. लॅपटॉपमध्येही बदलता येण्याजोगे कार्ड असावे म्हणून एनव्हिडियाने २००४ साली एमएक्सएम हा नमुना आणला होता. तो थोड्याच यंत्रांत राहिला, आणि यंत्रे पातळ करण्याच्या चढाओढीत मागे पडला. २०२३ साली फ्रेमवर्क कंपनीने १६ इंची लॅपटॉपासाठी काढता-घालता येणारा ग्राफिक्सचा भाग जाहीर केला. तोवर मधली जवळजवळ वीस वर्षे निघून गेली होती. ह्या वीस वर्षांत जी पिढी वाढली तिने यंत्र विकत घेतले, वापरले, आणि पाचसहा वर्षांनी टाकले. आधीच्या पिढीने ते जुळविले होते. तापकीर गल्लीत एसएमपीएसचे वॅट मोजीत हिंडलेल्या मुलांना कोणता भाग काय करतो हे पुस्तकावाचून कळले. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांस संगणकाचे झाकण कधी उघडले आहे काय असे विचारून पाहावे. हा प्रश्न पुढील संशोधनास उत्तम आरंभ ठरेल. खेळाच्या डेस्कटॉपाने, आणि बहुतेक त्यानेच, घरगुती जोडणीची ही विद्या आजवर जिवंत ठेवली. कार्यालयांना तिची गरज उरलेली नाही.

पुण्यात खेळ केवळ खेळले जात नाहीत, ते बनविलेही जातात. येथील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ त्याचे ठळक उदाहरण होय. २०१७ साली किकस्टार्टरवरून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न असफल झाला होता. तरीही खेळ पुरा झाला, आणि २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याचे नामांकन झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ते हे की हा खेळ प्रथम, १८ ऑगस्ट २०२० रोजी, अवतरला तो डेस्कटॉपवरही नव्हे आणि लॅपटॉपवरही नव्हे. २०१७ साली निघालेल्या निन्टेंडो स्विच ह्या यंत्रावर तो आला. ते हाती धरून खेळता येते आणि घरी आल्यावर खाचेत बसवून मोठ्या पडद्याला जोडता येते. संगणकावर ‘राजी’ पोहोचला तो १५ ऑक्टोबरला.

त्याच वर्षीच्या २ सप्टेंबर रोजी पब्जी मोबाईलवर बंदी आली, आणि ती बातमी ज्या घरांत संगणक नव्हताच अशा घरांतही पोहोचली. बहुसंख्यांचा खेळ तोवर फोनवर गेला होता. मागे उरलेल्या अल्पसंख्यांत डेस्कटॉपवाले व लॅपटॉपवाले असा जो भेद आहे त्याची लेखी साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. असेंबल केलेल्या संगणकाचे बिल म्हणजे हाताने लिहिलेला पिवळा कागद. त्यात भागांची नावे, किमती आणि तारीख एकत्र मिळतात, आणि कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला हे पुढच्या कागदावर सापडते. लॅपटॉपचे बिल एकाच ओळीचे असते. वारजे, कर्वेनगर व कोथरूड येथील घरांत १९९५ ते २०१० ह्या काळातील असे कागद टेलिफोनच्या जुन्या बिलांबरोबर अजून बांधून ठेवलेले असण्याचा संभव आहे. रद्दीला जाण्यापूर्वी त्यांच्या नकला विभागाच्या संग्रहात याव्यात म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून आरंभ करावा.